चाळीस गोण्यांची खिडकी

आमच्या घराण्यात भाड्याच्या घरात राहायला गेलेली मी पहिली, आणि पुढे जे झालं ते बघता बहुधा शेवटचीच.

ओतूरला आमचं स्वतःचं घर आहे. घरापुढे अंगण, अंगणापुढे गोठा, गोठ्यापुढे शेत आणि बांधापलीकडे पुन्हा आमच्याच चुलत सासऱ्यांचं शेत. इतकं सगळं आपलं असताना माणसाने दुसऱ्याच्या चार भिंतींत जाऊन का राहावं, हे माझ्या सासऱ्यांना, म्हणजे आबांना, पटणं शक्यच नव्हतं. पण मी जुन्नरच्या एका कचेरीत लिपिक आहे. ओतूरहून जुन्नरला स्कूटरवर जायचं आणि यायचं, असं बावीस वर्षं केलं. मग एक दिवस पाठीच्या मणक्याने कळवलं की हा रस्ता त्याला यापुढे मान्य नाही. डॉक्टर म्हणाले, "एक तर रस्ता बदला, नाहीतर पाठ." दोन्ही माझ्या हातात नव्हतं, म्हणून मी घर बदलायचं ठरवलं. सोमवार ते शुक्रवार जुन्नर, शनिवार-रविवार ओतूर.

"लोक काय म्हणत्याल?" आबांनी विचारलं.

"काय म्हणतील?"

"सुनंला घराभाईर काढली म्हणत्याल."

"मग बरंच आहे की. गावात तुमचा दरारा वाढेल."

आबांनी यावर दोन दिवस विचार केला. पटलं असावं, कारण तिसऱ्या दिवशी त्यांनी विषय काढला नाही.

आता खरं सांगायला हरकत नाही. पाठीचं कारण खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. खरं कारण एक खिडकी होती.

मी काही स्वप्नाळू बाई नाही. (स्वप्न पडायला आधी झोप पुरी व्हावी लागते. आमच्याकडे त्याआधी म्हैस हंबरते.) पण जुन्नरच्या जुन्या वस्तीत एक टेकाड आहे, आणि त्या टेकाडावर वरची आळी. बाजारपेठेतून साठ-सत्तर दगडी पायऱ्या चढून जायचं. वर चारचाकी जात नाही, दुचाकीही जात नाही, पाहुणेसुद्धा विचार करून जातात. घरांचे चौथरे शेकडो वर्षांचे आणि त्यांच्यावरचे मजले परवाचे. खाली कोरीव दगड, वर पाण्याची काळी टाकी. तिथे एक जागा भाड्याने आहे असं कचेरीत कळलं, म्हणून मी जूनमध्ये एका संध्याकाळी धापा टाकत वर गेले. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, वरचा मजला. मालकीणबाईंनी दार उघडलं आणि समोरच्या भिंतीत ती खिडकी होती.

खिडकीत शिवनेरी होता. अख्खा. दुसरं काहीही नव्हतं. त्याच्या माथ्यावर एक ढग बसला होता, आणि मी बघत असताना तो उठला आणि सावकाश खाली यायला लागला. कुणी झोपलेल्या माणसावर गोधडी ओढावी तसा. आधी किल्ला गेला, मग उतार, मग झाडं, मग गावातली घरं एकेक करून गेली, आणि शेवटी तो ढग खिडकीतून आत आला आणि माझ्या गालाला लागला. माझ्या हातात प्रश्नांची यादी होती. पाणी किती वाजता, मीटर वेगळा का, न्हाणीघर गळतं का. कागद हातातच राहिला.

"पाणी सहाला येतं," मालकीणबाई म्हणाल्या.

"बरं."

"कधीकधी येत नाही."

"चालेल."

मालतीबाई सत्तरीच्या, निवृत्त शिक्षिका, खालच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, दुसऱ्याचा काढायचा राहिलेला. अख्खी आळी त्यांना नुसतं 'बाई' म्हणते, कारण निम्म्या आळीला त्यांनीच पाढे शिकवलेत. त्यांनी मला उभं राहूनच अटी सांगितल्या. मीही उभी राहूनच ऐकल्या. बसावं असं वाटेना.

"भिंतीला खिळा ठोकायचा नाही. गच्चीवर कपडे वाळत घातले तर वेळेवर काढायचे. आणि तिसरी, मुख्य. या घरात कांदा-लसूण शिजत नाही. लोकांचा चातुर्मास चार महिने असतो, माझा बारा महिने. गेली तीस वर्षं. जमेल?"

मी कांदेवाल्याची मुलगी, कांदेवाल्याची सून आणि कांदेवाल्याची बायको. माझ्या लग्नात मांडवापुढे पाहुणे होते आणि मांडवामागे कांदा होता, आणि वडील सारखे मागे जाऊन बघून येत होते. सकाळच्या न्याहारीपासून रात्रीच्या पिठल्यापर्यंत आमच्या घरात कांद्याशिवाय काही होत असेल तर ते फक्त आंघोळ.

"जमेल," मी म्हणाले. ढग तेव्हा माझ्या उजव्या कानापाशी होता.

नव्या जागेत आधी दूध उतू घालवायचं, म्हणून पुढच्या रविवारी आमचे हे आणि आबा आले. मी गॅसवर दूध ठेवलं आणि खिडकीकडे पाहत उभी राहिले, त्यामुळे दूध रीतीप्रमाणे थोडं न जाता सगळंच गेलं. आबा मात्र घर बघत होते. भिंती बघितल्या नाहीत, नळ बघितले नाहीत. झोपायच्या खोलीच्या मधोमध उभे राहिले आणि धोतराचा सोगा हातात धरून वर उचलला. सोगा फडफडला. मग बाहेरच्या खोलीत गेले, मागच्या बाजूची खिडकी उघडली, पुन्हा सोगा उचलला. तिथेही फडफडला.

"सूनबाई," आबा म्हणाले, "हवा लई ग्वाड खेळतीया."

लग्नाला सव्वीस वर्षं झाली. माझ्या कुठल्याही निवडीला आबांनी चांगलं म्हटल्याची ही पहिली वेळ.

"हो ना, आबा?"

"ह्या खिडकीनं शिरतीया, त्या खिडकीनं जातीया. कोंदट नाय. ऊन बी आत येत न्हाई. सोन्यासारखी जागा हाय."

म्हाताऱ्याचं मन हळवं आहे, आपणच इतकी वर्षं ओळखलं नाही, असं मला वाटलं. थोडं भरूनही आलं असतं, पण गॅसवरचं दूध पुसायचं होतं.

त्यानंतरचे दोन महिने मी कुठे होते हे मला नीट सांगता येणार नाही. कागदोपत्री वरच्या आळीत होते. पहाटे उठून चहा करायचा, खिडकीसमोर खुर्ची टाकायची आणि बसायचं. किल्ला कधी असायचा, कधी नसायचा. कधी नुसता माथा, खाली काहीच नाही, जणू डोंगराने रात्रीतून पाय काढून ठेवलेत. धुक्यातून खालच्या गावाचे आवाज तुकड्यातुकड्यांनी वर यायचे. सायकलची घंटी. एसटीचा हॉर्न. कुणीतरी शेळीला नावाने हाक मारायचं आणि शेळी उत्तर द्यायची. चहा हातातच गार व्हायचा. तीन वेळा कचेरीत उशीर झाला. "पाणी आलं नव्हतं" असं सांगितलं. एकदा कुकर लावला आणि चार शिट्ट्यांनी उघडला तर आत नुसतं गरम पाणी. तांदूळ घालायचेच राहिले होते.

अशा अवस्थेतल्या बाईला फोन करू नये. यांनी केला.

ऑगस्टातला गुरुवार, सकाळचे सात. मी खिडकीशी. धुकं त्या दिवशी उलटं, खालून वर उचललं जात होतं. आधी पायऱ्या दिसल्या, मग कुणाचे तरी पाय, मग छत्री.

"अगं, बराखीवर झाडाची फांदी पडली," हे म्हणाले. "दोन पत्रं फुटलं."

बराख म्हणजे कांदा साठवायची उभी, जाळीदार, हवेशीर चाळ. आमच्या कुटुंबात तिचा मान आबांच्या खालोखाल आहे. एवढं वाक्य मी ऐकलं. पुढे हे बराच वेळ बोलत होते. भिजतोय असं काही. भाव नाय असं काही. मी 'हं' म्हणत होते. छत्रीखालचा माणूस पायरीवर थांबला आणि त्यानेही वर किल्ल्याकडे पाहिलं.

"मग ठिवू का?"

"ठेवा की."

"तुझी काय अडचण न्हाई ना?"

"मला कसली अडचण?"

"आबा म्हणतच व्हते, सुमन नाय म्हणायची न्हाई. मग शनवारी."

"बरं," मी म्हणाले. धुकं आता अर्ध्या किल्ल्यापर्यंत चढलं होतं.

त्या शनिवारी मी ओतूरला गेले नाही. कचेरीचं काम आहे असं घरी कळवलं. (काम हेच, की खुर्चीत बसायचं.) बाई दोन दिवसांसाठी लेकीकडे नारायणगावला गेल्या होत्या. आळी शांत होती आणि धुकं इतकं दाट, की खिडकीबाहेर हात काढला तर आपलाच का अशी शंका यावी. आणि त्या धुक्यातून खुरांचा आवाज यायला लागला. टक्, टक्, टक्, दगडावर, सावकाश, वर वर येणारा. मग धुक्यात काही तांबूस हललं. लाल जाळीच्या गोण्या, अधांतरी, एकामागून एक तरंगत येत होत्या. नंतर त्यांच्याखालची गाढवं दिसली. करडी, ओली, मान खाली घातलेली, अगदी शहाणी. किती सुंदर, मी मनात म्हटलं. कुणाचं तरी सामान चाललंय.

चौथ्या गाढवामागून आमचे हे आले.

मी जिना उतरून खाली पळाले. गाढवांचा मालक रामभाऊ पहिल्या गाढवाचा कान धरून उभा होता. याच पायऱ्यांवरून आळीतल्या बांधकामांना विटा आणि वाळू पोचवण्याचा त्याचा धंदा.

"वैनी, कंच्या खोलीत टाकायचा?" त्याने विचारलं.

"काय टाकायचा?"

"कांदा. आता ह्या पायऱ्यांवरनं म्या विटा न्हेल्या, वाळू न्हेली, एकदा घोडं चढंना तवा नवरदेव बी न्हेला. ते कुनाला सांगू नगा. पर फ्लॅटात कांदा पयल्यांदाच चाललाय."

मी यांच्याकडे पाहिलं.

"तूच म्हणलीस ना, ठेवा की?" हे म्हणाले. चेहरा इतका सरळ, की भांडायला जागा सापडेना.

"अहो, पण इथे कांदा चालत नाही. बाईंची अट आहे."

"काय अट हाय?"

"कांदा शिजवायचा नाही."

"मग आपण कुठं शिजवतोय? आपण ठिवतोय."

मागून आबांचा आवाज आला. ते सत्तर पायऱ्या चढून आले होते, या वयात, आणि त्यांना धाप लागली नव्हती. "पोरी, दूध उतू घालवलं त्या दिशीच मी बगून ठिवलं व्हतं. अशी हवा आख्ख्या तालुक्यात न्हाई."

चाळीस गोण्या. झोपायची खोली भरली, बाहेरची अर्धी भरली. आबांनी स्वतः उभं राहून कांदा ओतून घेतला, खालून हवा लागावी म्हणून बांबूच्या पट्ट्या अंथरल्या, थर मोजला. ओला निघाला तो बाजूला, खरचटलेला बाजूला, त्यात बाहेरची उरलेली अर्धीही गेली. मला निजायला ओट्यापाशी चटईएवढी जागा उरली. खिडकीसमोर माझी खुर्ची होती. आबांनी ती उचलून भिंतीला लावली.

"हितं बसू नगं," ते म्हणाले. "वारं अडतं."

आळीतल्या बायका दारादारांतून बघत होत्या. त्यांनी बाईंना काही सांगितलं नाही. मोठं मन म्हणून नव्हे. बाई शाळेत चहाडी करणाऱ्याला आधी बाकावर उभं करीत, आणि त्या बाकाची भीती आळीतून अजून गेलेली नाही.

रविवारी संध्याकाळी बाई परतल्या. घरापुढच्या पायऱ्यांवर थांबल्या, काठीने लीद बाजूला ढकलली.

"सुमन, पायऱ्यांवर गाढवं कुणाची चढली होती?"

"कुणाच्या तरी विटा असतील, बाई."

वासाची मला भीती होती. पण बाईंना श्रावणात पडसं होतं ते दिवाळीला जातं (ही त्यांचीच माहिती), त्यामुळे तेवढ्यापुरती मी वाचले. वाऱ्याचा विचार मी केला नव्हता. आबांनी वाखाणलेली ती गोड हवा किल्ल्याकडच्या खिडकीतून शिरायची, सगळ्या कांद्यावरून हात फिरवायची आणि मागच्या खिडकीतून बाहेर पडायची. जाताना मोकळ्या हाताने जायची नाही. कांद्याची वाळकी साल घेऊन जायची. पातळ, गुलाबी, कागदासारखी साल, शेकड्यांनी. मागच्या खिडकीखाली बाईंचं अंगण होतं, आणि अंगणात तुळस.

सोमवारी सकाळी मी खाली उतरले तेव्हा बाई तुळशीपाशी वाकून काहीतरी वेचत होत्या. वरून साली येत होत्या. घाई नाही, आवाज नाही. धुक्यात गिरक्या घेत, मध्येच थांबत, पुन्हा विचार बदलत त्या खाली येत होत्या, आणि खरं सांगते, मला माहीत नसतं तर मीही तिथेच उभी राहिले असते.

"सुमन, वरच्या अंगाला कुणी गुलाब लावलाय का गं? पाकळ्या येतात."

मी तोंड उघडलं. 'नाही' म्हणायचं होतं. पण 'नाही' म्हटलं की 'मग काय' येणार, आणि 'मग काय'चं उत्तर दिलं की खिडकी जाणार.

"डोंगरातल्या असतील," मी म्हणाले.

"असतील. आपणहून आल्यात. फुलाचा देठ मोडायला नको, काही नको." आणि त्यांनी ओंजळ आत नेऊन देवासमोर वाहिली.

तीस वर्षं ज्या बाईने कांद्याला हात लावला नव्हता, ती बाई देवाला कांद्याची साल वाहत होती. मंगळवारीही वाहिली. बुधवारी तर लवकर उठून वेचली. मी खिडक्या लावून बघितल्या. आत तासाभरात कोंदट झालं आणि आबांचा फोन आला. (काही न सांगता. त्यांना तिकडे ओतूरला कळलं कसं, हे मला अजून उमगलेलं नाही.) "खिडक्या उघड्या हायत ना, सूनबाई?" मी उघडल्या.

खुर्ची भिंतीला, मी ओट्यापाशी चटईवर, खिडकी कांद्याची. तरीही तीच खिडकी जाऊ नये म्हणून मी गप्प होते. माणसाचं असं होतं.

गुरुवारी बाईंकडे पोथी असते. पाच वाजता आळीतल्या आठ-दहा बायका जमतात. मी कचेरीतून लवकर आले होते. साडेचार झाले असतील. बाईंनी हाक मारली. पितळेच्या ताटात त्यांनी साली मांडल्या होत्या, एकात एक गुंफून, गोल, कमळासारख्या. मध्ये खडीसाखर.

"ये. आज प्रसादाबरोबर प्रत्येकीला एकेक पाकळी द्यायची आहे. ही तुझी."

मी सवयीने हात पुढे केला, सवयीने ती साल डोळ्यांना लावली. तळहातावर तिचं वजनही जाणवत नव्हतं.

तेवढ्यात पायऱ्यांवरून बोलण्याचे आवाज आले. त्या बायका येत होत्या. त्यांतली एकही अशी नव्हती जिने लहानपणी सुट्टीत कांदा निवडला नसेल. वीस हातांवरून त्यांनी ती साल ओळखली असती. आणि वर काय भरलंय ते त्यांना शनिवारपासून ठाऊक होतं. त्या काही बोलल्या नसत्या. तोंडाला पदर लावून, खाली बघून, खांदे हलवत पोथी ऐकली असती. आणि बाईंना एका डोळ्याने ते दिसलं असतं, आणि त्यांनी विचारलं असतं, काय झालं?

मी एकदा वर छताकडे बघितलं. त्यापलीकडे कांदा, कांद्यापलीकडे खिडकी.

"बाई, ही पाकळी नाही."

"मग?"

"कांद्याची साल आहे."

बाईंनी ताट नाकाजवळ नेलं. पडसं. चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला.

"कुणाच्या कांद्याची?"

"आमच्या. वर चाळीस गोण्या आहेत."

बाईंनी देवापुढच्या साली एकेक करून उचलल्या, ताटात ठेवल्या, वर रुमाल झाकला आणि ताट माझ्या हातात दिलं. बायका उंबऱ्यात आल्या होत्या.

"बसा," बाई त्यांना म्हणाल्या. "सुमन जरा वर जाऊन येतेय." आणि वाटीत नवीन खडीसाखर काढली.

मी वर जाऊन सामान बांधलं. दोन पिशव्या आणि एक कुकर. वेळ लागला नाही. खाली पोथी चालू होती, बाईंचा आवाज नेहमीसारखा. बाहेर बारीक पाऊस, किल्ला नव्हता. सहाच्या पुढे जिन्यावर काठी वाजली. मी आल्यापासून बाई पहिल्यांदाच वर चढत होत्या. दारात उभ्या राहिल्या, चष्मा सावरून सगळ्या थरांवरून नजर फिरवली, वर्गात हजेरी घ्यावी तशी.

"शिजवलास?"

"एकही नाही, बाई. शपथ."

"शपथ नको. मग अट मोडलेली नाही. अट शिजवण्याची होती, ठेवण्याची मी घातली नव्हती. ती माझी चूक."

मला क्षणभर वाटलं, सुटले.

"पण सोमवारी मी तुला विचारलं होतं."

"हो, बाई."

"देवाला तीन दिवस कांदा चालला, तो त्याचा प्रश्न. मला तीन दिवस खोटं चाललं नाही."

"मी उद्या जाते, बाई. सामान बांधलंय."

"आणि हा?"

"हाही नेते."

बाईंनी खिडकीतून बाहेर हात काढला, पावसात धरला, आत घेतला आणि पदराला पुसला. "अन्न आहे ते. भिजवून नासवा असं मी म्हणणार नाही. कांदा राहील. तू खाली ये. माझ्या स्वयंपाकघराशेजारी एक खोली आहे, तिथे माझ्या नजरेसमोर राहा."

त्या खोलीलाही खिडकी आहे. तिच्यातून टेकाडाची दगडी भिंत दिसते, हात लांब केला तर लागते.

रात्री यांना फोन करून सगळं सांगितलं. यांनी शांतपणे ऐकलं.

"मंजे कांद्याला परवानगी मिळाली?"

"हो."

"लेखी देत्याल का त्या?"

"अहो!"

"आन तू खाली ऱ्हाणार? मग ओट्यापाशी आणखी पाच गोण्या बसत्याल की."

बसल्या. रामभाऊच्या गाढवांना आता हाकावं लागत नाही, ती आपणहून आमच्या जिन्यापाशी थांबतात. बराखीचे पत्रे गणपतीतच नवे घातले. पण भाव नाही, तोवर हवा बदलायला नको, असं आबांचं मत पडलं. मी रोज सकाळी अर्धा तास वर जाते. सडका काढते, खालचा वर करते, साली झाडून पिशवीत भरते, आणि पंधराएक मिनिटं खिडकीशी उभी राहते. मधोमध नाही, वारं अडतं. चौकटीला टेकून, एका बाजूला. किल्ला येतो, जातो. कधी ढग आत येतो, माझ्या अंगावरून पुढे जातो आणि कांद्यावर पसरतो, आणि ते सगळे गुलाबी गोटे धुक्यात असे निवांत पडलेले असतात, की कुकर लावायचाय हे मी अजूनही विसरते.

बाईंचं आणि कांद्याचं आता बरं जमलंय. त्या खात नाहीत, पण शेजारणींना सांगतात, "भाडेकरू म्हणून उत्तम. पाय आपटत नाही, नळ चालू ठेवत नाही आणि विचारलं तर खोटं बोलत नाही."

भाडं मीच भरते. म्हणून परवा धीर करून विचारलं, "बाई, मला वर कधी जाता येईल?"

बाईंनी ताकात रवी फिरवायची थांबवली. "जागा रिकामी झाली की सांगते. आणखी तिघीजणी विचारून गेल्यात. पण तुझं नाव पहिलं लिहून ठेवलंय."

स्वतः भाडं भरत असलेल्या घरासाठी आपण रांगेत आहोत, आणि रांगेत आपला नंबर पहिला आहे, हे ऐकून मला, लाज वाटते सांगायला, फार बरं वाटलं.